खिडकीजवळची जागा

रफूच्या त्या दुकानात मालकांचा एक नियम होता. नाकावर चष्मा चढला की खिडकीजवळची उजेडाची जागा सोडायची आणि मागच्या खोलीत बटणं लावायला बसायचं. चष्मेवाल्या बाईचं रफू गिऱ्हाईक घेत नाही, असं त्यांचं ठाम मत. गिऱ्हाइकाला कुणी विचारलं नव्हतं म्हणा!

ताईने ती जागा वीस वर्षं सुई चालवून कमावली होती. म्हणून वर्षभर ती डोळे ताणत राहिली. आधी कापड लांब धरून पाहिलं, मग हातच आखूड पडायला लागले. शेवटी नवऱ्याचा चष्मा गुपचूप लावला, तर डोकं ठणकायला लागलं आणि सुईचं नेढं पार गायब झालं.

मग तोच चष्मा घेऊन ती चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदाराने कपाळावर हात मारला. "अहो ताई, हा लांबचं बघायचा चष्मा! तुमचं लांबचं उत्तम आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं धूसर दिसतं. सगळ्यांचंच होतं, माझंसुद्धा. जवळच्या नंबराची काच लावा, झालं."

एवढंच? आणि त्यापायी तिने वर्षभर जीव मुठीत धरला होता. तिला आधी स्वतःचा राग आला, मग मालकांचा.

दुसऱ्या दिवशी ती चष्मा लावूनच कामावर आली. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. मालक आडवे आले.

"उचला तुमचा डबा. मागे बटणं पडलीत."

"नाही जाणार."

"नियम आहे, ताई."

तिने तयार कपड्यांतून एक काळा कोट ओढून काढला. "हे रफू कसंय, सांगा."

मालकांनी कोट हातभर लांब धरला, डोळे बारीक केले. "झकास. कालच पास केलंय मी."

ताईने चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला. "आता बघा."

त्यांनी तो लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. वीण तिरकी गेली होती, मधले दोन दोरे सुटले होते.

"कुणाचं काम हे?"

"माझं. चष्मा नव्हता तेव्हाचं. आणि पास तुम्ही केलंत, तेही चष्म्याशिवाय. चला, दोघंही मागे बसू. बटणं भरपूर आहेत."

कुणीतरी फिसकन हसलं. कोट बाजूला ठेवून मालक चष्म्यातून स्वतःच्या तळहातावरच्या रेषा बघत राहिले.

"द्या माझा चष्मा," ताई म्हणाली. "कोट उसवायचाय मला." आणि ती खिडकीजवळ जाऊन बसली.