बिलातला तास

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ‘डिग्री’ म्हणत. “ए डिग्री, ग्रीसची बादली आण.” “डिग्री, जरा त्या डंपरखाली घुस.” हाताखाली राबून शिकलेल्या मंडळींत अवजड यंत्रांच्या दुरुस्तीची रीतसर पदवी घेतलेला तो एकटाच, म्हणून हे नाव. त्यात आकस नव्हता, पण माया होती असंही म्हणवत नाही. पगार त्यांचा आणि त्याचा सारखाच, फक्त त्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हतं. याच्या हातात महिन्याला वीस हजार पडत, त्यातले अकरा शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यात जात. उरलेल्यात खोलीचं भाडं, डबा आणि आईला पाठवायचे पैसे. आईला तो सांगे, “मजेत आहे.” आई बिचारी ते खरं धरून चार घरी सांगत सुटे.

खोटं बोलायला माणूस मुळात लबाडच असावा लागतो असं काही नाही. ऐनवेळी आयता आकडा समोर आला की पुरतं. कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा डिग्री एका पोकलेनचा पंप बसवून नुकताच बाहेर आला होता. कोपरापर्यंत तेल, हातात सहीसाठी बिल, आणि गिऱ्हाईक शेजारीच कान टवकारून उभं. “माजी विद्यार्थ्यांची माहिती घेतोय,” फोनवरची बाई म्हणाली, “सध्या महिन्याला किती मिळतात?” याची नजर बिलावर गेली. मेकॅनिकचा दर, तासाला चारशे. तो तास त्याचाच होता. मालक गिऱ्हाइकाकडून चारशे घेई आणि त्यातले शंभरही याच्या खिशात येत नसत, ही गोष्ट वेगळी. त्याने मनातल्या मनात तास गुणले, दिवस गुणले आणि म्हणाला, “ऐंशीच्या आसपास.”

“हजार?”

“हजारच की,” तो म्हणाला, आणि वर हसलासुद्धा.

थोड्याच दिवसांत कॉलेजच्या फाटकावर बोर्ड लागला. इस्त्रीच्या शर्टातला त्याचा फोटो आणि खाली हाताएवढ्या अक्षरांत तो आकडा. आणि तो बोर्ड नेमका पाहिला कुणी? तर मावशीच्या चिमीने.

मावशीने शिवणकाम करून पोरीला एकटीने वाढवलं होतं. चिमीला यंत्रांचं वेड. दादाची जुनी पुस्तकं तिने कधीच मागून नेली होती आणि पंपाचे सगळे भाग तिला तोंडपाठ होते. सरकारी संस्थेत तिला जवळजवळ फुकटात जागा मिळाली होती, पण ती वेल्डिंगला. दादाच्या कॉलेजची फी मात्र डोळे पांढरे करणारी. बोर्ड पाहून मायलेकींनी हिशेब मांडला: कर्ज काढायचं, पोरगी ऐंशी हजार मिळवेल, दोन वर्षांत फेडून मोकळी होईल. तारण म्हणून राहती खोली होती. आणि जामीन राहायला घरचाच साहेब होता की!

“तुझ्यासारखा भाचा असताना मी कुणाच्या दारात जाऊ?” मावशी फोनवर म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान मावत नव्हता.

तेव्हाच बोलला असता तर सगळं निभावलं असतं. पण हा पठ्ठ्या “साइटवर आहे, नंतर बोलतो” म्हणाला. पुढच्या वेळीही साइटच. फोनवर ‘मावशी’ दिसलं की तो फोन उलटा ठेवायचा. आज सांगू, उद्या सांगू करत दोन महिने काढले. लाज पहिल्या दिवशी चिमूटभरच असते, झाकून ठेवली की फुगत जाते, हे त्याला कोण सांगणार? शेवटी मावशीचाच निरोप आला: सोमवारी बँकेत सह्या आहेत, पगाराचे कागद घेऊन ये. तेव्हा कुठे रविवारी दुपारी हा तिच्या दारात उभा राहिला.

दुसऱ्या मजल्यावरची एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग. चिमी बटणं लावत बसली होती. मावशीने खुर्ची पुसून दिली आणि परत मशीनवर बसली. तो बसला, आणि उशीर केला तर धीर सुटेल म्हणून एका दमात बोलला.

“मावशी, मला ऐंशी नाही मिळत. वीस मिळतात. त्यातले अकरा हप्त्यात जातात.”

मशीन थांबलं. मावशीने दाताने दोरा तोडला.

“जामीन राहायचं नाही, असं सरळ सांग की रे.”

“नाही गं, खरंच सांगतोय.”

“बोर्डावर मिरवायला ऐंशी, आणि मावशीपुढे वीस?” तिचा आवाज चढला. “तुझी आईच सांगत असते, पोरगा मजेत आहे म्हणून. मी काय तुझ्याकडे पैसे मागितले होते? एक सही मागितली. राहू दे. खालचा दुकानदार राहील जामीन. परका असून तयार आहे तो.”

आणि गंमत बघा, डिग्रीला हलकं वाटलं. आपण खरं ते सांगितलं, समोरच्याने मानलं नाही, त्याला आपण काय करणार? शिवाय चिक्कू म्हणवून घेण्यातही थोडी ऐट असते. चिक्कूपणा करायला आधी गाठीला पैसे लागतात. “बरं, येतो,” म्हणून तो उठला आणि चक्क जिना उतरायला लागला.

अर्ध्या जिन्यात त्याच्या लक्षात आलं की आपण सुटल्यासारखे उतरतोय. उद्या चिमी सही करणार. मग हेच डंपर, हेच वीस हजार, हप्ता मात्र याच्याहून मोठा, आणि हप्ता थकला तर मावशीची खोली जाणार. स्वतःची इतकी शरम त्याला आजवर कधी वाटली नव्हती. तो वळला.

दार उघडंच होतं. त्याने मोबाइल काढला, बँकेचे मेसेज उघडले आणि चिमीच्या हातात दिला.

“मोठ्याने वाच.”

चिमीने वाचलं. पगार जमा, वीस हजार. दुसऱ्याच दिवशी हप्ता वजा, अकरा हजार. तिने बोटाने वर सरकवलं. आधीचा महिना, त्याच्या आधीचा, सगळीकडे तेच. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

“उद्या बँकेत जायचं नाही,” मावशी एवढंच म्हणाली. मग उठून ओट्याशी गेली आणि ताट वाढायला लागली. आल्यापासून तिने जेवायचं विचारलं नव्हतं, साहेब माणूस जेवूनच आला असेल असं धरून. या दयेच्या भीतीनेच तर त्याने हे सगळं केलं होतं, आणि आता ती त्याच्या डोळ्यांदेखत ताटात पडत होती.

“मग ऐंशी कुठून आले?” चिमीने विचारलं.

“बिलातून. माझ्या तासांचे मालक गिऱ्हाइकाकडून महिन्याला तेवढे घेतो.”

“आणि तू ते स्वतःचे म्हणून सांगितलेस.”

“हो.”

“सरकारी संस्थेतली जागा मी गेल्या आठवड्यात सोडली, दादा. आता ती दुसऱ्याला गेली. त्याच्या आधी एक फोन केला असतास तरी चाललं असतं. का नाही केलास?”

“लाज वाटत होती गं.”

चिमीने मोबाइल त्याच्यापुढे धरला.

“म्हणजे तुझी लाज राहावी म्हणून माझं वर्ष गेलं.”

“चिमे!” मावशी ताट घेऊन वळली. “मोठ्या भावाशी बोलायची ही रीत झाली?”

“बोलू दे, मावशी,” तो म्हणाला, आणि मान खाली घालून तिथेच उभा राहिला.