पाहुण्यांची खोली

"ह्या बाईला आज पन एकच पोली टाक," जनी म्हणाली. "ही नुसती भातावर जगते. आपल्यातलीच वाटते बग तोंडावरनं."

"इंडियन हाय, पन तिकडंच जल्मलेली असंल," साळू तवा पुसत म्हणाली. "आली त्या दिशी सगली तिला रीटा बोलत होती."

वाढपाच्या खिडकीपाशी ताट घेऊन उभ्या असलेल्या रंजिताने मान खाली घातली आणि आमटीची वाटी पुढे केली. मौनाचा चौथा दिवस होता. शिरढोणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या साधना केंद्रात चौदा माणसं हातात ताटं घेऊन मुंगीच्या पावलांनी चालत होती. पहिल्याच दिवशी साळूने तिला हिंदीत काहीतरी विचारलं होतं, तेव्हा तिने नुसते हात जोडले होते. मौन म्हणजे मौन. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या दोघींनी आपसूक ठरवून टाकलं होतं, की हिला आपलं काही कळत नाही.

"कुनासंगती बसत नाय ती," जनी वाटीत आमटी ओतताना म्हणाली. "बाकीची जोडीजोडीनं बसतात. हिला कोन नाय वाटतं."

रंजिता ताट घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली. त्यात खोटं काही नव्हतं.

ती जासईची. मिठागरावर राबणाऱ्या धर्मा घरताची धाकटी मुलगी. गावातून नर्सिंग शिकायला मुंबईला गेलेली पहिली पोर. पुढे कुवेत, आणि तिथून इंग्लंड. वेल्समधल्या एका छोट्या गावाच्या हॉस्पिटलात वीस वर्षं तिने म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काढली. रंजिता म्हणणं तिथे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती रीटा झाली. लग्न करायचं नाही असं तिने कधी ठरवलं नव्हतं. कुवेतच्या पाळ्यांमध्ये ते वय केव्हा निघून गेलं, तिला कळलंही नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आई गेली तेव्हा विमानं बंद होती. रंजिता त्या दिवशीही ड्यूटीवर होती, दुसऱ्या कुणाच्या तरी आईला पाणी पाजत. थोरला भाऊ महादेव फोनवर एवढंच म्हणाला, "आता येऊन काय करनार?" त्यानंतर फोन गणपतीपुरते राहिले. मग नुसती फुलांची चित्रं यायला लागली. पुढे तीही थांबली.

गेल्या वर्षी ती रिटायर झाली. गावातल्या सभागृहात हेलन नावाची बाई ध्यान शिकवायची, तिथे ती जायला लागली. खरं म्हणजे सकाळी उठून कुठेतरी जायचं म्हणून. हेलन वर्षाआड आपल्या गटाला भारतात घेऊन जायची. या वेळची जागा 'नियर पनवेल' आहे हे पत्रकात वाचल्यावर रंजिताने त्याच संध्याकाळी नाव दिलं. सगळे म्हणाले, "रीटा, तू तर घरी चाललीस!" ती हसली. घरी जायला कुणीतरी बोलवावं लागतं, हे त्यांना काय सांगणार? गटाबरोबर आलं की कुणाला विचारायला नको. देशात यायचा हा एक रस्ता तिला सापडला होता.

हॉलमध्ये हेलन हळू आवाजात सांगायची, "तुमचा श्वास हेच तुमचं घर." बाकीच्यांच्या चेहऱ्यावर शांतता उतरायची. रंजिता डोळे मिटून स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची आणि जनीचं बोलणं ऐकायची. ते ऐकूनच तिला जनीबद्दल बरंच कळलं होतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा दीपेश तळोज्याला कंपनीत होता, नवीन फ्लॅटमध्ये राहायचा. "दीपेश बोलतो, ये," जनी साळूला सांगायची, "पन सून कदी बोलली नाय, ये." म्हणून ती इथेच, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची.

सहाव्या दिवशी दुपारी जेवणाच्या आधी ध्यान चाललं होतं. स्वयंपाकघरात मोठा आवाज झाला आणि पाठोपाठ साळूची किंकाळी आली. हॉलमधल्या कुणीच डोळे उघडले नाहीत. मनात येईल ते येऊ द्या, जाईल ते जाऊ द्या, असंच त्यांना शिकवलं होतं. रंजिता मात्र उठून धावली.

भाताचं पातेलं कलंडलं होतं. उकळती पेज जनीच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सांडली होती. ती जमिनीवर बसून हात हवेत धरून कण्हत होती. साळू टूथपेस्ट घेऊन धावत येत होती.

"ते नको लावू!" रंजिता ओरडली. "नलाखाली धर हात! धर आदी! मना बांगडी काडू दे, हात सुजंल."

साळू जागच्या जागी थिजली. रंजिताने जनीला उठवून मोरीपाशी नेलं, हातातली पितळी बांगडी काढली आणि नळ सोडला. जनी दुखणं विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुना आमचं बोलनं येतं?"

"हात हलवू नको. वीस मिनटं असाच धरायचा."

"कुठली गो तू?"

"जासईची."

"जासईत कुनाची?"

इतक्या वर्षांत तिला सगळ्यांनी 'कुठली' म्हणून विचारलं होतं. कुवेतमध्ये विचारलं, वेल्समध्ये तर दर नव्या पेशंटने विचारलं. 'कुणाची' असं कुणी विचारलं नव्हतं.

"धर्मा घरताची. महादेवची बहीन."

नळाचं पाणी वाहत होतं. जनी एकदम हसायला लागली आणि हसता हसता कळवळली. "आनि सहा दिस मी तुज्यासमोर काय काय बोलले!"

"सगला आयकला मी."

"आई गं!"

हेलन दारात येऊन उभी राहिली होती. मौन मोडल्याबद्दल ती काही बोलली नाही. तिने रंजिताच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि परत हॉलमध्ये गेली. रंजिताने भाजल्या जागेवर स्वच्छ प्लास्टिकचा कागद सैल गुंडाळला आणि केंद्राच्या गाडीतून जनीला पनवेलच्या दवाखान्यात घेऊन गेली.

पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग बदलायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. बाकीचे ध्यानाला बसत तेव्हा ती स्वयंपाकघराच्या पायरीवर जनीचा हात मांडीवर घेऊन बसायची. भाषेवर गंज चढला होता. एखादा शब्द अडायचा, मग जनी तो पुरवायची.

"दादाकडं गेलीस का?" जनीने एकदा विचारलं.

"नाय."

"एवड्या लांबून आलीस आनि इथं डोले मिटून बसलीस? जा की."

"फोन करून बगते."

"फोन नको करू. फोन केलास तर ते म्हनतील, आज काम हाय. सरल जा, दारात उबी रा."

अकरावा दिवस मोकळा होता. मौन सुटलं होतं. गट लेणी बघायला गेला आणि रंजिता रिक्षाने जासईला निघाली. पळस्पे फाट्याच्या पुढे दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती लागल्या, लाल, निळ्या, पाच-पाच मजली. मिठागर कुठे होतं हे तिला ओळखता येईना. रिक्षावाल्याला विचारावं, तर तो बिहारचा निघाला.

महादेवचं घर आता तीन मजली झालं होतं. दार एका तरुण मुलीने उघडलं.

"कोण हवंय?"

"मी रंजिता."

ती क्षणभर बघत राहिली आणि मग तिचा चेहरा उजळला. "अय्या, आत्या! मी अंकिता, केतनची मिसेस. या ना, बसा ना! बाबा, आत्या आल्यात!" तिने सोफ्यावरची उशी सरळ केली, एसी लावला आणि सीलबंद पाण्याची बाटली आणून समोर ठेवली. "तुम्हाला आमचं पाणी बाधेल ना."

महादेव आतून आला. केस पांढरे झाले होते, चाल मात्र तीच होती, डावा खांदा किंचित वर. त्याच खांद्यावर बसवून त्याने तिला मिठागराच्या बांधावरून नेलं होतं. तो समोरच्या खुर्चीवर बसला.

"आलीस? कलवायचं होतंस."

"शिरढोनला ध्यानाला आले, दादा. अचानक ठरलं."

"बरी हायस ना?"

"बरी हाय."

टीव्हीचा आवाज त्याने बंद केला, चित्र चालूच ठेवलं. भिंतीवर आईचा फोटो होता, प्लास्टिकच्या हारातला. रंजिता बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"आई तुजी वाट बगत गेली, असं मी कदी बोललो का?" महादेव टीव्हीकडे बघत म्हणाला.

"नाय."

"नाय बोललो. मंग."

जेवायला अंकिताने हॉटेलातून पनीर मागवलं. "तुम्ही योगाला आलात म्हणजे मच्छी चालत नसेल ना?" आत कालवणाला फोडणी बसत होती. कोळंबीचा वास साऱ्या घरात भरला होता. रंजिताने "चालतं गं" म्हणायला तोंड उघडलं, पण ताट आधीच वाढून झालं होतं. ती पनीर खात राहिली. अंकिताने तिच्याबरोबर फोटो काढला आणि तो केतनला पाठवला.

हात धुऊन झाल्यावर रंजिता म्हणाली, "दादा, मी रिटायर झाले."

"बरं झालं. आराम कर आता."

"इकडं येऊन राहीन म्हनते."

महादेवने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"इकडं काय हाय आता, रंजी? रातदिस ट्रेलर चालतात, धूल. तुना नाय जमनार." मग समजुतीच्या आवाजात तो म्हणाला, "ये की पन. चार दिस ये, आठ दिस ये. वरती रूम हाय, एसी लावलाय. पाहुन्यांसाटीच ठेवलीय ती."

"आणि बाथरूम पण अटॅच्ड आहे, आत्या," अंकिता मनापासून म्हणाली.

निघताना महादेव फाटकापर्यंत आला आणि रिक्षावाल्याला केंद्राचा पत्ता त्याने दोनदा समजावून सांगितला.

संध्याकाळी ती पायरीवर जनीचं ड्रेसिंग बदलत होती. नवी कातडी गुलाबी दिसत होती.

"काय बोलला भाऊ?"

"ये म्हनाला. पाहुन्यांची रूम हाय वर."

पट्टी बांधून झाली तरी जनीने हात रंजिताच्या मांडीवरच राहू दिला. डोंगरावरचं ऊन उतरेपर्यंत दोघी तशाच बसल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर बस यायची होती. मौनाने साठलेलं सगळं गटाच्या तोंडून एकदम बाहेर पडत होतं. अंगणात बॅगा, फोन, मिठ्या यांचा गलका चालला होता. जनीने कोठीघराच्या दारातून रंजिताला खुणेने बोलावलं. आत तांदळाच्या पोत्यांजवळ तिने एक नारळ आणि एक नवा कोरा रुमाल काढून ठेवला होता.

"इकडं तोंड कर, पूर्वेला," जनी म्हणाली.

"काय करतेस?"

"ओटी भरते. माहेरावरनं अशीच जाशील?"

"अगो, माजं लगीन नाय झालं."

"ठावं हाय. तुना घ्यायची नसते आनि मना भरायची नसते." जनीने दार लोटून घेतलं. "कोन बगतंय?"

रंजिताच्या अंगात कुर्ता आणि पँट होती. पदर नव्हता. तिने कुर्त्याचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला. जनीने पट्टी बांधलेला हात उजव्या हाताखाली टेकवून ओंजळ केली आणि तांदूळ घातले. एकदा, दोनदा, तीनदा, पाच वेळा. वर रुमाल आणि नारळ ठेवला. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

रंजिता तशीच घेर धरून अंगण ओलांडून बसमध्ये चढली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या डोरिसने ते पाहिलं आणि डोळे मोठे करून इंग्रजीत विचारलं, "रीटा, हे काय गं? प्रसाद?"

"तांदूळ," रंजिता म्हणाली.

बस वळून हायवेला लागली. ड्रायव्हरने मागे बघून सगळ्यांना पट्टे लावायला सांगितलं. रंजिताचे हात मोकळे नव्हते. डोरिसने वाकून तिचा पट्टा लावून दिला, आणि एक दाणा सांडू नये म्हणून रंजिता विमानतळापर्यंत पाठ ताठ ठेवून बसून राहिली.