चॅपेलमधलं शिसं

अरे थांबा, आधी ऐका तर! त्या जुन्या चर्चच्या पोटात छोटं चॅपेल आहे ना, ज्याच्या खिडकीत नुसते रंगीत तुकडे, इथे कान, तिथे पंख, मध्येच अर्धी दाढी? लोक म्हणतात मॉडर्न आर्ट. डोंबलाचं आर्ट! ती माझ्या खापरपणजीची मारामारी आहे.

पूर्वी तिथे तीन खिडक्या होत्या, तिच्या बापानं केलेल्या. तो गेल्यावर काम हिच्याकडे आलं. काचेचा एकेक तुकडा शिशाच्या पट्टीत धरलेला असतो. शिसं काढलं की खिडकी मेली. आणि लढाईत शिसं कशाला लागतं? गोळ्यांना!

तर शहराला वेढा पडलेला. आत एक सैन्य, नदीपलीकडे दुसरं. आणि पलीकडच्यांत कोण? हिचा धाकटा भाऊ. आई मेल्यावर हिनंच कडेवर वाढवलेला. भांडून घरातून पळाला तो थेट तिकडे भरती.

आतला कप्तान, त्याला दाढीमुळे सगळे बोकड म्हणायचे, माणसं घेऊन चॅपेलमध्ये आला.

"खिडक्या उतरव."

"का म्हणून?"

त्यानं बंदुकीचा दस्ता फिरवला आणि पहिल्या खिडकीतल्या संताचं थोबाड फोडलं. "म्हणून."

ही धावली, तर तोच दस्ता हिच्या तोंडावर. दात हातात आले. दोघांनी हात पिरगाळून धरलं, बाकीच्यांनी दोन खिडक्या ओरबाडून काढल्या. मग हातोड्यानं बाक फोडून फरशीवरच जाळ केला, वर कढई चढवली. साचे आणलेले, पण ओतायची अक्कल एकालाही नाही.

"तू ओत," बोकड म्हणाला. "नीट ओतलंस तर तिसरी खिडकी ठेवतो."

"गोळ्या कुणासाठी?"

"नदीपलीकडच्या पाहुण्यांसाठी. का गं, आहे का कुणी सोयरा तिकडे?"

सगळे खिदळले. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? इकडे बापाची शेवटची खिडकी, तिकडे भाऊ!

ही म्हणाली, "चूळ भरायला पाणी द्या, तोंडात रक्त आहे."

दिलं येड्यांनी! वितळलेल्या शिशाजवळ ओला चमचासुद्धा नेत नाहीत, हे शिशात हात घातलेला कुणीही सांगेल. हिनं डोक्याचा रुमाल पाण्यात बुचकळला, ओतायच्या पळीला गुंडाळला आणि पळी खस्सकन कढईच्या तळाशी खुपसली.

धडाम! पाण्याची वाफ झाली आणि शिसं छतापर्यंत उडालं. बोकडाच्या दोन्ही डोळ्यांत गेलं, तो किंचाळत भिंतीवर डोकं आपटत सुटला. एक जण जाळातच पडला. हिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तशीच लोळत घंटेच्या जिन्यात शिरली, आतून कडी घातली. बाहेरून दारावर लाथा, गोळ्या, आईवरून शिव्या. तेवढ्यात तट फुटला आणि पलीकडचं सैन्य आत घुसलं. बोकडाला तिथेच चॅपेलच्या दारात कापला.

ही बाहेर आली तर तिसरी खिडकी शाबूत! आणि समोर भाऊ, गुडघ्यापर्यंत रक्तानं माखलेला.

"ताई!" त्यानं मिठी मारली. मारली खरी, पण नजर हिच्या खांद्यावरून मागे. "ताई, हे शिसंच आहे ना?"

"काय म्हणालास?"

"आमच्या गोळ्या संपल्यात गं. बालेकिल्ला घ्यायचाय अजून. बाजूला हो."

"हात लावून तर बघ."

"काच तर आहे!" तो हसला आणि खिडकीला हात घातला.

हिनं बाक फोडायचा हातोडा उचलला आणि घातला. उजव्या हाताच्या बोटांचा पार चेंदामेंदा! "मेल्या, तुझ्यापायी हात जाळून घेतला मी!" म्हणत परत घातला. तो जागच्या जागी आडवा.

खिडकी? ती गेलीच रे. त्याच्या दोस्तांनी हिला मानेवर गुडघा देऊन दाबून ठेवलं आणि हिच्या डोळ्यांदेखत चुराडा केला. आत्ताची खिडकी तिनं पुढे त्याच चुऱ्यातून जोडली.

दोस्त बालेकिल्ल्यावर गेले. भावाला चाप ओढता येईना, म्हणून मागेच टाकला. गेलेल्यांपैकी एकही परत आला नाही. हे कळल्यावर तो त्या काचांत रडत बसला. मग तसाच उठायला लागला, मलाही जायचंय म्हणून.

हिच्या मांडीवर हातोडा होताच.

"बस खाली," ती म्हणाली. "उठलास तर परत मारीन."