भाऊसाहेबांचा चहा

महाडच्या डॉक्टरांनी माझ्या अंगठ्याची जखम बघितली, लघवी तपासली आणि विचारलं, "चहा किती पिता?"

"सात-आठ होतात." खरं तर जास्तच व्हायचे.

"साखरेचा?"

"कचेरीत बिनसाखरेचा कोण आणतो?"

"मग अंगठ्याची आशा सोडा," ते म्हणाले. माणूस फटकळ, पण खोटं बोलणारा नव्हता. चहा बंद, भात नावाला, नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि सकाळ-संध्याकाळ चालणं, एवढं त्यांनी सांगितलं.

माझ्या बायकोनं, नीलानं, ते मनावर घेतलं. पोलादपूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत ती पहाटे उठून भाकऱ्या थापायची, डबा भरायची आणि मला नदीपर्यंत फिरायला पिटाळायची. जिच्यापासून सुटावं म्हणून शिकलो, नोकरी धरली, तीच नाचणी पुन्हा ताटात आली. मी कुरकुरायचो, पण खायचो. चहा मात्र सुटेना.

तलब होती असं नाही. सोमाच्या टपरीवरचं ते उकळलेलं गोड पाणी मला फारसं आवडतही नसे. पण मी तालुका कचेरीत कारकून. सकाळी खुर्चीत बसलो की दिवेलागणीला उठायचं, मार्च महिन्यात तर त्यालाही धरबंध नाही. कंबर धरायची, पाय सुजायचे. गावोगावचे शेतकरी कामं घेऊन यायचे आणि टेकायच्या आधी म्हणायचे, "भाऊसाहेब, च्या घेऊ." सोमा दोन कप आणायचा. दोन्ही एकाच टेबलावर, एकसारखे, आणि कुठला कोणाचा हे कोणी बघायचं नाही.

मी कापडे गावच्या बौद्धवाडीतला. माझा बाप रामजी जन्मभर गावात दुसऱ्यांच्या खळ्यांवर राबला. कोंडाजी हा तिथला मोठा शेतकरी. त्याच्या घरी बापाला चहा मिळायचा, तो अंगणात उकिडवं बसून. वळचणीला कान तुटलेला एक कप खोचलेला असायचा. बापानं तो स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा आणि कप परत खोचून ठेवायचा. बापाला 'रामज्या' म्हणणारा तोच कोंडाजी आता मला 'भाऊसाहेब' म्हणत होता, समोर बसून बशीत फुंकर मारत होता. टेबलावर आलेला असा एकही कप परत पाठवणं माझ्या जिवावर यायचं.

आणि परत पाठवायचा तरी काय सांगून? प्रकृतीचं कारण मला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी आमच्या वाडीत कोणी गुरुजी, कोणी पुढारी यायचे. आई लगबगीनं चूल पेटवायची. मग सुरू व्हायचं, "नको हो, पित्त होतं," "नको, डॉक्टरांनी बंद केलाय." आई हसून 'बरं' म्हणायची आणि लाकडं मागे ओढायची. तेच वाक्य मी कुणाच्या तोंडावर कसं टाकू?

पण जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, या महिन्यात साखर उतरली नाही तर अंगठा काढू, आणि तिथंच थांबेल याची खात्री देत नाही. महाडच्या स्टँडवर सगळ्यांसमोर नीला रडली. "लोकांची मनं राखता राखता पाय घालवून बसाल," म्हणाली. मी फार थकलो होतो. तिला शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी कोंडाजी आला. सोमानं दोन चहा ठेवले, कोंडाजीसाठी बशीत बटर ठेवलं. तो बटर बुडवून खाऊ लागला. मी माझा कप त्याच्याकडे सरकवला.

"तात्या, मला नको. साखरेचा आजार झालाय."

त्याचा हात थांबला. "आमचा च्या चालत नाय काय आता?"

"तसं नाही हो. हा पाय बघा." मी चप्पल काढून पट्टी दाखवली. त्यानं तिकडे बघितलंच नाही.

"मागचं मनात धरू नका, भाऊसाहेब. तवाचा काळच तसा व्हता. आता हाय का तसं काय? आता आमी तुमच्यासमोर बसून पितो ना?"

माणूस खरोखर दुखावला होता. मला स्वतःचाच राग आला. काय करावं ते सुचेना, म्हणून मी डबा काढला आणि उघडून त्याच्यापुढे ठेवला. भाकरी अजून मऊ होती.

"चहा माझ्याच्यानं होत नाही, तर तुम्ही माझ्यातलं खा. नीलानं केलंय. अर्धी तुमची, अर्धी माझी."

कोंडाजीनं डब्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

"खाल्ली असती वो," तो म्हणाला, "पन आज माजा उपास हाय."

मिशीला बटरचा चुरा तसाच होता.

मी हसून 'बरं' म्हटलं. त्याचं काम होतं ते करून दिलं. तो गेला. कपात साय धरली होती. मी भाकरी एकट्यानं खाल्ली, अख्खी, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी सावकाश चावून.

दुपारी दुसरा कोणी आला. "भाऊसाहेब, च्या?" मी म्हटलं, "नको." संध्याकाळी आणखी एक आला, त्यालाही "नको." कुणाला वाईट वाटलं असेल तर वाटो. ज्या मानासाठी मी पाय द्यायला निघालो होतो, तो एवढाच होता.

साखर उतरली. जखम भरत आली, अंगठा वाचला. नीलाचा आनंद मावत नव्हता.

"इतकं सांगून सुटला नाही, मग एकदम कसा सुटला हो चहा?" तिनं पीठ मळता मळता विचारलं.

"तुझ्या डब्यानं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

ती लाजून हसली. दुसऱ्या दिवशी डबा जड लागला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "एक भाकरी जास्त घातलीय. समोर कोणी बसलं असेल, तर त्यालाही द्या."