दोनदा सरांचा जिना

सरांचं खरं नाव वर्गात कुणी घेत नसे. या शहरात ते विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर आधी दोनदा येऊन गेले होते आणि ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत ते सांगत असत, म्हणून ते दोनदा सर.

परदेशात पोरांना स्थळं दाखवायची त्यांची पद्धत ठरलेली. बस थांबली की आधी बॅनर उतरायचा. त्यावर कॉलेजचं नाव बोटभर आणि संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा चेहरा हातभर. दोघांनी टोकं धरायची, बाकीच्यांनी मागे दाटीवाटीने उभं राहायचं, सर मधोमध. फोटो निघाला की स्थळ बघून झालं, चला बसमध्ये! सकाळी चौकातलं कारंजं असंच उरकलं. फोटोत पाणी थेट अध्यक्षसाहेबांच्या टाळूतून उडताना दिसत होतं.

बॅनरचं डावं टोक लंबूकडे. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून लंबू, आणि उंच म्हणून ही हमाली. ती दिवसभर मनातल्या मनात धुसफुसत होती. तिला आज एकच गोष्ट बघायची होती, जुन्या वाचनालयातला जिना.

वास्तुकलेच्या वर्गासाठी त्या जिन्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल तिने रक्ताचं पाणी करून बनवलं होतं. जुन्या नकाशात जिना मधल्या टप्प्यावरून दोन्ही बाजूंना फुटताना दिसत होता, तसाच तिने केला. दोनदा सरांनी नाक मुरडलं. नकाशे काय, कुणीही काढतं. मी स्वतः दोनदा चढलोय, तो फक्त उजवीकडे वळतो, म्हणाले, आणि भर वर्गात तिच्या हाती कटर देऊन डावी बाजू कापायला लावली. आणि तिने मुकाट्याने कापली, हेच तिला जास्त लागलं होतं. नेटवर शोधावं तर सगळे फोटो दरवाजाचे. जगभर दोनदा सरांचेच भाऊबंद!

घरी दादा त्या मॉडेलला लंगडा जिना म्हणायचा. कापलेला तुकडा आईने शिवणाच्या डब्यात ठेवला होता. निघताना ती म्हणाली, "एकदा डोळ्यांनी बघून ये बाई. मग तो तुकडा ठेवायचा की टाकायचा, ते ठरवू."

वाचनालयाशी बस पोचली तेव्हा ते बंद व्हायची वेळ होत आली होती. दारासमोर बॅनर उघडला. वाऱ्याने अध्यक्षसाहेबांच्या गालाला घडी पडली, म्हणून फोटो परत. मग सरांचे डोळे मिटले, म्हणून पुन्हा. शेवटी सर म्हणाले, झालं वाचनालय, आता बाजार. लंबूने आत जाऊन येते म्हटलं, तर म्हणाले, आत काय असणार, पुस्तकं. मी दोनदा बघितलंय.

लंबूने टोक सोडलं. बॅनर फडफडत सरांच्या तोंडावर बसला आणि ती आत शिरली.

जिना समोरच होता. मधल्या टप्प्यापर्यंत सरळ, आणि तिथून उजवीकडे एक, डावीकडे एक. लंबूला रडूच आलं. आनंदाचं होतंच, पण स्वतःच्या त्या कापणाऱ्या हाताचा रागही त्यात होता.

सर तरातरा आत आले, मागून सगळी वरात. जिना बघून ते थबकले. मग चष्मा सारखा करून म्हणाले, "ही डावी बाजू मागाहून बांधलेली दिसते."

दोन्हीकडच्या पायऱ्या सारख्याच झिजलेल्या होत्या. मागे कुणाला तरी खोकला आला. सरांनी लगेच बॅनर मागवला. इथेही एक फोटो होऊन जाऊ दे, म्हणाले, आणि बॅनर जरा डावीकडे घ्या. आणखी डावीकडे. लंबूला म्हणाले, धर टोक.

धन्य आहे, लंबू मनात म्हणाली. तिने टोकाला हात लावला नाही. डाव्या जिन्याने चढून ती वर कठड्याशी उभी राहिली. खाली दोघांनी टाचा उंचावल्या तरी बॅनर तिच्या पायांपर्यंतही पोचेना. सर ओरडले, खाली उतर, फोटोत येतेस.

"येऊ दे की सर," लंबू म्हणाली. "तुमचा आतला पहिलाच फोटो ना?"

खोकला आता साथीसारखा पसरला. फोटो निघाला.

बसमध्ये बसल्यावर लंबूने तो आईला पाठवला आणि खाली लिहिलं, तुकडा टाकू नकोस. दादाला डिंक आणून ठेवायला सांग.