ड्यूटी पेड

निशिकांत गेले त्याला आठ महिने झाले होते. आता त्यांच्या मृत्युपत्रातल्या दोन शब्दांचा अर्थ लावून घेण्यासाठी सुचित्राला सिंगापूरच्या हायकोर्टात जावं लागणार होतं.

मृत्युपत्र त्यांनी स्वतःच इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. बेडोकचा फ्लॅट आणि बँकेतले पैसे बायकोला, सुचित्राला. हार्बरफ्रंटच्या शिपिंग कंपनीत तीस वर्षं नोकरी करून जमवलेले शेअर्स मात्र एका धर्मादाय निधीला. जहाजावर दगावलेल्या खलाशांच्या कुटुंबांना हा निधी मदत करायचा. त्या ओळीच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘ड्यूटी पेड’.

सन २००५. वारसा कर, म्हणजे ‘एस्टेट ड्यूटी’, तेव्हा होता, आणि शेअर्स बरेच असल्यामुळे तो लागलाही. तो शेअर्समधून कापायचा, की सुचित्राच्या पैशांतून भरून शेअर्स निधीला अख्खे द्यायचे? तसं केलं तर तिची निम्मी शिल्लक जाणार होती. निधीच्या माणसांना भांडायचं नव्हतं, पण धर्मादाय पैसा कोर्टाला न विचारता सोडून देणं त्यांच्या हातात नव्हतं.

“बाबांनी तुझा विचारच केला नाही,” बँकेत काम करणारी त्यांची मुलगी ऋता चिडून म्हणाली.

सुचित्रालाही ते लागलं होतंच. पण एका खलाशाच्या घरी त्याच्या मृत्यूची बातमी सांगून आलेले निशिकांत तिने पाहिले होते. त्या दिवशी ते जेवले नव्हते. “त्याच्या पोराने मला विचारलं, बाबा कोणत्या बोटीने येणार,” एवढंच म्हणाले होते.

सुनावणीच्या आठवडाभर आधी मायलेकी कपाट आवरत होत्या. निशिकांत पाठवलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत ठेवायचे. एका फायलीत रत्नागिरीच्या धाकट्या भावाला, शिरीषला, लिहिलेलं पत्र निघालं: ‘टीव्ही ड्यूटी पेड पाठवतो आहे. कस्टमचं सगळं मी भरलंय. तुला एक पैसा द्यावा लागणार नाही.’ अशी आणखी तीन पत्रं होती, बहिणीच्या शिलाई मशीनबद्दल, भाच्याच्या सायकलीबद्दल.

ऋताने ती वाचली आणि फाईल मिटली. “आई, हे कोणी पाहिलेलं नाही. नो नीड लाह. राहू दे.”

“मी पाहिलंय ना.”

“तुझेच पैसे जातील.”

“जातील. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलंय गं. आता कळलं नाही असं दाखवत कोर्टात कशी बसू?”

दुसऱ्या दिवशी तिने पत्रं वकीलबाईंपुढे ठेवली. मिस लिमनी भाषांतर करून घेतलं आणि चष्मा काढला. “मिसेस पटवर्धन, ही तुमच्याविरुद्ध जातील, हे ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

न्यायाधीशांनी पत्रं दोनदा वाचली. मृत्युपत्र वाचताना लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसावं लागतं, त्याच्या तोंडी तो शब्द कसा होता ते पाहावं लागतं, असं ते म्हणाले. हा माणूस आयुष्यभर ‘ड्यूटी पेड’ लिहीत आला तो एकाच अर्थाने: घेणाऱ्याला तोशीस नको. शेअर्स निधीला अख्खे मिळतील. कर बाकीच्या मालमत्तेतून जाईल. ही पत्रं अर्जदाराने स्वतःहून दिली, याची त्यांनी निकालात मुद्दाम नोंद केली. निधीच्या वकिलांनी लगेच उठून सांगितलं की त्यांना सुचित्राकडून कोर्टाचा खर्च नको.

बाहेर पायऱ्यांवर ऋता रडली. सुचित्राने तिची पाठ थोपटली. तिला स्वतःला हलकं वाटत होतं, आणि थोडी भीतीही.

कर भरून शिल्लक निम्मी झाली, तेव्हा पुढच्या महिन्यात तिने फ्लॅटमधली एक खोली जुरोंग आयलंडवर काम करणाऱ्या मीनल नावाच्या इंजिनिअर मुलीला भाड्याने दिली. मुलगी पहाटे कंपनीच्या बसने जायची आणि संध्याकाळी भुकेली परत यायची. पहिले दोन दिवस ती हॉकर सेंटरवरून नूडल्स घेऊन आली. तिसऱ्या दिवशी सुचित्राने तिच्यासाठी ताट वाढलं.