कॅथेड्रलमधलं दगडी कार्टं

आमच्या जावयाला लिंकन शहराचा इतिहास पाठ आहे. जिथे पाठ नाही तिथे तो रचतो. डेस्मंड त्याचं नाव. पर्यटकांना कॅथेड्रल दाखवणं हा त्याचा धंदा. आत खांबावर सैतानाचं एक दगडी कार्टं एका पायावर दुसरी तंगडी टाकून बसलंय. ते दाखवून तो बेधडक सांगतो, "हा चेहरा पाथरवटाच्या सासूचा!" लोक खिदळतात.

हे मला ठाऊक आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. ऑगस्टमध्ये रेनकोटची टोपी नाकापर्यंत ओढून मी त्या घोळक्यात हिंडून आले होते.

टेकडीवरच्या आमच्या पबात दरवर्षी शहराच्या माहितीची प्रश्नमंजुषा होते. जिंकलेल्या कप्तानाचं नाव लाकडी ढालीवर कोरतात. माझ्या नवऱ्याचं, विल्फचं, नाव कोरलं, त्याच वर्षी तो गेला, आणि ढाल शेजारच्या ग्रँथम गावच्या दंतवैद्यांच्या संघाने नेली ती नेलीच. मरायच्या आत मला ती परत हवी होती. म्हणून डेस्मंडला कप्तान केला. तोंडाळ आहे, पण माहिती भरपूर.

यंदा शेवटच्या प्रश्नापर्यंत बरोबरी होती. प्रश्न काढणाऱ्या ग्लॅडिसने कार्ड उचललं. "कॅथेड्रलमधल्या कार्ट्याचा चेहरा कुणाचा?"

ग्लॅडिस मे महिन्यात डेस्मंडबरोबर कॅथेड्रल बघून आली होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"लिही की!" मी म्हटलं.

"आई, हे कुणालाच माहीत नाही. प्रश्नच चुकलाय."

"मग सांग तिला."

"कार्डाशी वाद घातला की गुण जातो, तुम्हाला माहितेय ना!"

"मग कार्डावर असेल ते लिही."

त्याने बिअरमध्ये तोंड खुपसलं. माझी लेक जॅनिस नवऱ्यावर करवादली, "अरे, येतंय तर लिही ना, मेल्या!"

"आत्ता नको गं. इथे नको."

पलीकडे दंतवैद्य डोकी खाजवत होते. "कप्तान, आटपा!" ग्लॅडिस ओरडली.

मी पेन्सिल हिसकावली आणि लिहिलं: पाथरवटाची सासू.

"तुम्हाला... कसं..."

"आवाज खणखणीत आहे हो तुमचा, जावईबापू. मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतो."

ग्लॅडिसने उत्तर वाचलं. अख्खा पब आधी डेस्मंडकडे, मग माझ्याकडे बघायला लागला.

ढाल आली. विल्फच्या नावावरून बोट फिरवताना मला रडूच फुटलं. त्याच्याखाली आता या गाढवाचं नाव येणार होतं. येऊ दे.

"फोटो!" कुणीतरी ओरडलं.

मी डोळे पुसले, ढाल पोटाशी धरली आणि एका पायावर दुसरी तंगडी टाकून बसले.